वसमतच्या सुंदराबाईचं पत्र

नारायणगुड्याच्या आमच्या घराला अर्काचा वास होता. कापूर, ओव्याचं फूल, पुदिना आणि त्यांच्या खाली कुठंतरी लवंग. बाहेरून येणाऱ्याला तो उंबऱ्यातच जाणवायचा, आम्हाला नाही. शाळेत मैत्रिणी माझी वही हातात घेतली की नाक मुरडायच्या आणि 'कुसुम आली, आता कुणाची सर्दी राहत नाही' म्हणायच्या, तेव्हा मला आठवण व्हायची. अर्काच्या चपट्या तपकिरी शिशा घरात जागा मिळेल तिथं होत्या. देवाच्या कोनाड्यात दोन, तांदळाच्या डब्यामागं चार-पाच, आईच्या लुगड्यांच्या पेटीत तर कसर लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेल्या. अप्पांना त्या कामाच्या मोबदल्यात मिळायच्या आणि त्यांना नाही म्हणता यायचं नाही. त्या शिशांवर एका बाजूला उर्दूत आणि एका बाजूला मराठीत लिहिलेलं असे : अर्क-ए-राहत. खाली बारीक अक्षरात, डोक्यापासून पायांपर्यंतच्या एकेचाळीस विकारांवर. मराठीची बाजू माझ्या वडिलांची होती.

अप्पा सरकारी दफ्तरात तर्जुम्याचं काम करत. तालुक्यांतून मराठीत, तेलुगूत आलेले अर्ज उर्दूत करायचे आणि उर्दूतले हुकूम उलट मराठीत उतरवायचे. दिवसभर हे करून माणसाला शब्दांचा वीट यावा, पण त्यांना संध्याकाळी पुन्हा तेच लागायचं. चौरस्त्यावर हकीमसाहेबांचं दुकान होतं. दफ्तरातून येताना अप्पा तिथं टेकत, एक चहा घेत आणि घरी यायला दिवेलागण करत. हकीमसाहेबांची नजर अधू होती, कागद नाकाला लावून वाचायचे आणि स्वतःच्याच विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायचे. त्यांच्या आजोबांनी राणीच्या राज्यात सिकंदराबादच्या छावणीत कुठल्याशा विलायती गोळ्यांची एजन्सी घेतली होती. त्या गोळ्यांचे पिवळे पडलेले इंग्रजी कागद त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते, आणि अप्पांकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेत. त्या कागदांत औषधात काय आहे याबद्दल अवाक्षर नसायचं. असायची ती फक्त पत्रं. अमुक गावची बाई लिहिते की, सोळा वर्षं माझं पित्त हटत नव्हतं, पाद्रीसाहेबांनीही आशा सोडली होती, तुमच्या तीन डब्या घेतल्या आणि काल मी नाचायला गेले. हकीमसाहेब मांडीवर थाप मारून म्हणायचे, "मास्टरसाब, दवा नहीं बिकती, खत बिकता है." अप्पा मास्टर नव्हते, पण चष्मा लावणाऱ्या सगळ्यांनाच ते मास्टरसाब म्हणत.

मग अर्कालाही पत्रं आली. तेलंगणातून तेलुगूत, कर्नाटकाच्या बाजूनं कानडीत आणि आमच्या मराठवाड्यातून मराठीत. कानडी-तेलुगूची पत्रं कोण लिहीत होतं मला माहीत नाही, मराठीची अप्पा लिहीत होते. ती शिशीला गुंडाळायच्या परचीत छापली जात आणि मूळ पत्र काचेच्या चौकटीत घालून दुकानात टांगलं जाई. सगळी पत्रं पुरुषांची झाली तेव्हा हकीमसाहेबांनी फर्माईश केली की एक बाईचं हवं, आणि अक्षरही बाईचं हवं, कारण बघणारा फसत नाही. अप्पांनी मला हाक मारली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. आई मागच्या अंगणात शेजारच्या यशोदम्माबरोबर अंबाडी निवडत होती.

"कुसू, बस इथं. मी सांगतो तसं लिही. अक्षर फार गोल नको काढूस, खेड्यातली बाई आहे."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मुक्काम वसमत. सुंदराबाईचा दंडवत. माझी मुलगी अंबू, वय वर्षं सहा, हिचा घसा धरला. ताप इतका की हात लाववेना, पाण्याचा घोटही उतरेना, आत पांढरं पांढरं दिसू लागलं. गावच्या जाणत्यांनी हात टेकले. मग पाहुण्यांनी शहरातून अर्काची शिशी आणली. इथं अप्पा थांबले आणि पेन्सिल दातांत धरून शेवट कसा करावा याचा विचार करू लागले. 'मुलीस संपूर्ण आराम पडला' हे त्यांना दफ्तरी वाटत होतं. मी म्हणाले, "अप्पा, तिसऱ्या दिवशी तिनं उठून दूधभाकरी मागितली, असं लिहू?" ते माझ्याकडं बघत राहिले आणि खुशीनं माझ्या पाठीत धपका घातला. "वा. बाई उभी राहिली की गं." ते वाक्य माझं आहे. पत्रातलं बाकी सगळं अप्पांचं, पण ते माझं. कागद घडी करताना ते हळूच म्हणाले, "तुझ्या आईजवळ बोलायचं नाही हे. तिला असलं चालत नाही." मी मान डोलावली. मोठ्यांच्या कामात भागीदार झाल्याचा मला त्या दिवशी केवढा ताठा आला होता.

परवा नातीनं तिच्या फोनवर आलेलं काहीतरी मला वाचून दाखवलं. तिला मराठी वाचायला कष्ट पडतात, अडखळत, मधे इंग्रजी घालत वाचते. कुठल्याशा पाल्याचा रस घेऊन कुणा पुण्याच्या काकूंची गाठ विरघळली होती. "आज्जी, खरं असेल का?" तिनं विचारलं. मी विचारलं, काकूंनी बरं झाल्यावर काय केलं ते लिहिलंय का. तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, हो, नातवाच्या बारशाला पुरणपोळ्या लाटल्या. मी तिला म्हणाले, मग टाकून दे.

आईला असलं चालत नाही हे अप्पांनी खरंच सांगितलं होतं. भाजीवालीनं चुकून जास्त घातलेली मिरची ती परत न्यायला लावायची. सोवळ्यात शिवाशिव झाली आणि कुणी बघितलं नाही, तरी पुन्हा अंघोळ करायची. तिला मराठी लिहिता-वाचता येत होतं, फार नाही, बोट ठेवून ठेवून. दुपारची जेवणं झाली की अंगणाच्या पायरीवर बसून ती अर्काची परची यशोदम्माला वाचून दाखवायची. यशोदम्मा आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी तेलुगू बाई, नवरा सिकंदराबादला रेल्वेत. दोघींची भाषा तिसरीच होती, थोडी दखनी, थोडे हातवारे. अंगणात तिच्या चिंचगुळाच्या आमटीचा आणि आमच्या भाकरीचा वास एकत्र व्हायचा, आणि आई मोठ्यानं सुंदराबाईचं पत्र वाचायची. तिला ते पाठ झालं होतं. "बघा यशोदम्मा, त्या माउलीचं कसं झालं असेल," म्हणायची. मी आत बसून ऐकायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या. छापलेल्या कागदाला अक्षर नसतं, त्यामुळं तिला ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि चौरस्त्यावरच्या दुकानात बायका जात नसत.

मग तो पावसाळा आला. राज्याचं काय होणार, आम्ही हिंदुस्थानात जाणार की नाही, हे मोठी माणसं दार लावून बोलत. बाहेरून माल येणं बंद झालं होतं. मीठ पुडीतून मिळे, रॉकेलसाठी रांग, आणि इंग्रजी औषधं तर दिसेनाशीच झाली. हिमायतनगरला आमचे नेहमीचे डॉक्टर होते, ते बायकामुलांना घेऊन सोलापूरकडे निघून गेले आणि दवाखान्याला कुलूप लागलं. आमच्या ओळखीची निम्मी घरं अशीच रिकामी झाली होती. अप्पांची नोकरी सरकारी, ते जाऊ शकत नव्हते. त्या दिवसांत अर्क खपला तसा कधीच खपला नसेल. दुसरं काही नव्हतंच. त्यातच अप्पांना दफ्तराच्या कामासाठी औरंगाबादला धाडलं. आठ दिवसांत येतो म्हणाले. चौथ्या दिवशी फौजा सरहद्द ओलांडून आत आल्याची बातमी आली आणि गाड्या थांबल्या.

मुकुंदाला ताप आला तो त्याच दिवशी. माझा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा. आम्ही त्याला मुकू म्हणायचो, पण नाव अगदीच उलटं होतं. दिवसभर बडबड. दूधवाल्याच्या म्हशीशी बोले, झटक्याच्या, म्हणजे तिथल्या टांग्याच्या, घोड्याशी बोले, जेवताना भाकरीशी बोले. तो बोलायचा बंद झाला म्हणून आईच्या लक्षात आलं. पहिल्या दिवशी नुसता ताप. तिनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मिरी-तुळशीचा काढा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दूध तोंडात घेतलं आणि ते नाकातून बाहेर आलं. आईनं त्याला उजेडात नेलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि आत बघितलं. मीही तिच्या खांद्यावरून बघितलं. घशात मागं, दोन्ही बाजूंना, पांढरट करडं काहीतरी चिकटलेलं होतं.

यशोदम्मानंही बघितलं. ती म्हणाली, "कुसुम की अम्मा, इसकू दवाखाने लेके जाव. आज के आज जाव."

सरकारी तापाचा दवाखाना फार लांब नव्हता, झटक्यानं अर्धा तास. पण रस्त्यावर झटके नव्हते. हत्यारं घेतलेली माणसं फिरत होती, दुपारनंतर गल्लीतलं कुत्रंही भुंकत नव्हतं. घरात पुरुष माणूस नाही. आई उंबऱ्याशी जाऊन रस्ता बघून आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आणि मग तिचा चेहरा एकदम निवळला. ती देवाच्या कोनाड्याकडं गेली, शिशीला गुंडाळलेली परची काढली आणि बोट ठेवून वाचू लागली. आत पांढरं पांढरं दिसू लागलं. पाण्याचा घोटही उतरेना.

"हेच की हो," ती म्हणाली. "अगदी हेच. यशोदम्मा, तिचं लेकरू तिसऱ्या दिवशी दूधभाकरी मागायलं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, सुटकेचं.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. या एका वाक्यापाशी मी आयुष्यभर येऊन उभी राहिले आहे. मी बोलले नाही. अप्पांना शब्द दिला होता, हे कारण मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला देत होते. ते पूर्ण खरं नाही. आईच्या तोंडावरची ती सुटका मला घालवायची नव्हती. तिनं मला काय म्हटलं असतं याची भीती वाटत होती. आणि हे सांगायला आज लाज वाटते, पण आईनं ते इतक्या विश्वासानं वाचलं की मलाही वाटलं, कोण जाणे, असेलही. वसमतला कुणी सुंदराबाई असेलही. अप्पांनी कुठंतरी ऐकलं असेल.

पत्रात थेंब किती ते नव्हतं, आणि परचीत एकेचाळीस विकारांना एकच माप दिलेलं, मोठ्यांना दहा, मुलांना पाच. आईला ते पटेना. "सुंदराबाईनं एवढ्या तापाला पाचच दिले असतील होय? कुसू, दुकानात तिचं पत्र टांगलंय म्हणत्यात ना. पळत जा, नीट वाचून ये. किती थेंब, कितीदा, घशाला आतून लावलं का. छापताना सोडलं असंल काही."

मी गेले. भिंतीच्या कडेकडेनं. दुकानाची एक फळी उघडी होती. हकीमसाहेब आले नव्हते, म्हातारे मुन्शीजी एकटेच होते. मी म्हणाले, मराठीतला बाईचा खत बघायचाय. त्यांनी बोट दाखवलं आणि वर म्हणाले, "पढ़ के मेरेकू भी सुनाव बेटी, आठ महीने से लटका है, किसी को पढ़ना नहीं आता." मी चौकटीसमोर उभी राहिले. माझं अक्षर होतं. खेड्यातल्या बाईचं वाटावं म्हणून वाकडं काढलेलं, पण माझंच, आणि माझा 'ळ' मी कुठंही ओळखला असता. त्यात थेंबांबद्दल काही नव्हतं, ते मला माहीतच होतं. मी मुन्शीजींना पत्र वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला त्यांनी 'अल्ला का शुकर' म्हटलं.

घरी आई दारात उभी होती. "काय लिहिलंय?"

"पंधरा," मी म्हणाले. "दर दोन तासांनी, साखरेवर. आणि बोटानं आतून लावायचं."

पंधरा कुठून आले मला आजवर कळलेलं नाही. आईनं ते लगेच केलं. तिनं बोटाला मऊ चिंधी गुंडाळली आणि अर्कात बुडवून त्याच्या घशात फिरवली. तो ओरडला, पण ओरडण्याला आवाज नव्हता. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती दोन तास मोजत राहिली. घड्याळ अप्पांबरोबर गेलं होतं, तेव्हा सावलीवर, अजानीवर, यशोदम्माच्या घरच्या रेडिओवर. प्रत्येक वेळी पंधरा थेंब, ओठ हलवून मोजलेले. मधल्या वेळात ती देवापुढं बसायची. तिनं स्वतः काही खाल्लं नाही. मी भात शिजवला तो तसाच राहिला. मुकूची मान दोन्ही बाजूंनी सुजली, श्वास घेताना करवतीसारखा आवाज येऊ लागला, आणि आई म्हणत राहिली, "उद्या तिसरा दिवस. उद्या बघ." मी त्याच्या पायांशी बसून तळवे चोळत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं की मी दुसरीकडं बघायची. त्याला सगळं माहीत आहे असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं खरोखरच भाकरी केली. एवढीशी, तळहाताएवढी, दुधात कुस्करून वाटीत घेऊन ती त्याच्या उशाशी बसली. त्यानं तोंड उघडलं ते श्वासासाठी. ती वाटी तिच्या हातात बघून मी उठले आणि कुणालाही न सांगता चौरस्त्याकडं पळाले. का पळाले, काय मागायला, मला माहीत नव्हतं. आईला तोंडावर सांगण्यापेक्षा दुसरं काहीही सोपं होतं.

त्या दिवशी हकीमसाहेब होते. फळी ओढून अंधारातच बसले होते, त्यांचंही काही ठीक दिसत नव्हतं. शहराचं आणि त्यांच्यासारख्यांचं काय होणार याच्या चिंतेत तेही असणार. मी एका दमात सांगितलं. ते उठून उभे राहिले.

"गले में सफेद झिल्ली है? साँस में आवाज आती?"

"हौ."

"वो खुनाक है, बेटी. वो अर्क से नहीं जाता. मेरे पोते को होता तो मैं भी दवाखाने भागता. मास्टरसाब की बेगम क्या कर रहीं?"

खुनाक म्हणजे घटसर्प, हे मला पुढं कळलं. मी म्हणाले, आई अर्क देतेय. सुंदराबाईच्या पत्रात लिहिलंय म्हणून देतेय. ते माझ्याकडं बघत राहिले, मग भिंतीवरच्या चौकटीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"वो खत तो तुमीच लिखे ना," ते हळू म्हणाले. "लोगां खत देख के खाँसी का अर्क ले जाते. बच्चे की जान कौन लगाता उस पे." आणि मुन्शीजींना त्यांनी झटका जोडायला सांगितला.

मी त्यांच्या आधी घरी पोचले. आई चमच्यात साखर घेऊन थेंब मोजत होती. सात, आठ, नऊ.

"आई, सुंदराबाई नाहीये," मी म्हणाले. "ते पत्र मी लिहिलंय. अप्पांनी सांगितलं, मी लिहिलं. दूधभाकरीचं मीच घातलंय. वसमतला कुणी नाहीये."

तिचा हात तसाच राहिला. "आणि पंधरा थेंब?"

"तेपण मीच."

ती मला मारेल असं मला वाटलं, आणि मला ते हवं होतं. ती माझ्याकडं बघत होती, पण राग नव्हता. तिला अजून कळत नव्हतं.

"मग अंबू?" तिनं विचारलं.

"अंबूपण नाही."

"मी तिचंही नाव घ्यायले गं देवापुढं," आई म्हणाली. "दोन दिवस झाले. म्हटलं, तिला जसं केलंस तसं." तिनं चमचा खाली ठेवला. मग मुकूला चादरीत गुंडाळलं, डोक्यावरून पदर ओढला आणि अनवाणीच बाहेर आली. दारात हकीमसाहेबांचा झटका उभा होता. ते स्वतः पुढं, झटकेवाल्याशेजारी बसले, म्हणजे वाटेत कुणी अडवलं तर त्यांना बघून सोडावं. दोनदा अडवलं. दोनदा त्यांनी खाली उतरून हात जोडले. आई मुकूच्या तोंडाशी कान लावून बसली होती, तो आवाज अजून येतोय ना ते ऐकत.

दवाखान्यातले डॉक्टर तेलुगू होते, तरुण, दाढी वाढलेली, दोन-तीन दिवस घरी गेले नसावेत. त्यांनी एकदा आत बघितलं आणि कुणाला तरी हाक मारली. सुई होती, बाहेरून येणं बंद झालेलं, पण शिल्लक होती, ती त्यांनी लगेच दिली. मग आईला विचारलं, कितने दिन से. आईनं बोटं दाखवली, चार. ते म्हणाले, "अम्मा, दो दिन पहले लाते तो," आणि पुन्हा मुकूकडं वळले. मी आईच्या पदराला धरून उभी होते. तिनं मान खाली घालून माझ्याकडं बघितलं. दोन दिवसांपूर्वी मी चौकटीसमोर उभी होते. तिनं तो हिशेब केला, हे मी बघितलं.

मुकू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगत होते. रस्त्यावर एकीकडे माणसं हसत, ओरडत धावत होती, आणि एकीकडे दारं लावून घेतली जात होती. आम्ही हिंदुस्थानात आलो होतो. आई त्याचे केस विंचरत होती. त्याच्या तोंडाला अर्काचा वास येत होता, तो तिनं ओल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसून काढला. हकीमसाहेब व्हरांड्यात उकिडवे बसले होते, त्यांना आत येववत नव्हतं. यशोदम्माचा नवरा सिकंदराबादहून कसाबसा आला आणि त्यानं पुढचं सगळं केलं.

गाड्या सुरू झाल्यावर अप्पा आले. नऊ-दहा दिवस झाले असतील. हातात औरंगाबादहून मुकूसाठी आणलेली लाकडी गाडी होती. त्यांना वाटेत कुणीतरी सांगितलं होतं, पण गाडी त्यांनी टाकून दिली नव्हती. ते पायरीवर बसले. मग त्यांनी विचारलं, काय झालं, कसं झालं. आई सांगू लागली. ताप, दूध नाकातून आलं, घसा. तिनं परची काढली, पत्र वाचलं, अर्क दिला. मी चुलीपाशी उभी होते. आता ती माझ्यावर येणार. मी दुकानात कशाला गेले होते, येऊन काय सांगितलं, किती थेंब. मी डोळे मिटून घेतले.

"कुसूनं मला त्याच वेळी सांगितलं होतं," आई म्हणाली. "ते पत्र खोटं आहे म्हणून. पहिल्यांदा परची काढली तेव्हाच. मी ऐकलं नाही. लेकराचं कोण ऐकतं? पंधरा थेंब माझ्याच मनानं दिले. दोन दिवस मीच घालवले."

आईच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं. तिनं ते सरळ अप्पांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आवाज न हलवता. अप्पा तोंडावर हात घेऊन रडले. त्यांना स्वतःचंच पुष्कळ होतं रडायला. मग त्यांनी मला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझी शहाणी पोर. तू बोललीस तरी." मी तो हात ढकलला नाही. मी आईकडं बघितलं, ती भांडी आवरू लागली होती.

अप्पा पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत, आणि औषधाचं एक अक्षर त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. पुढं ते बरीच वर्षं जगले. मुकूचा विषय निघाला, आणि तो निघायचाच, की आल्यागेल्याला ते सांगायचे, त्या वेळी आमच्या घरात एकटी कुसुम शहाणी होती, तिनं वेळेवर सांगितलं होतं. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलं, माझ्या मुलांना सांगितलं. आणि दर वेळी आई, तांदूळ निवडत असली तर ताटावरून मान वर न करता, "हौ" म्हणायची.